रोज १८० लिटर गाळायचं आणि दीड लिटर टाकायचं: आपली मूत्रसंस्था नेमकी चालते कशी?

एसटीवर वाहक म्हणून काम करणाऱ्या बाईच्या खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची बाटली असते. पण ती दुपारपर्यंत जवळपास भरलेलीच राहते. तहान लागत नाही असं नाही. पुढच्या स्थानकावरचं स्वच्छतागृह कसं असेल, तिथं गाडी किती मिनिटं थांबेल, याचा हिशोब तिच्या डोक्यात चालू असतो. बाजारात भाजी विकायला बसलेली मावशी, चौकात उभी असलेली वाहतूक पोलीस, शाळेत दहा ते पाच बसणारी मुलगी, सगळ्यांचा हिशोब हाच. पाणीच प्यायलं नाही, तर जायची वेळच येणार नाही!

ऐकायला बरोबर वाटतं. पण शरीर हा हिशोब मानत नाही. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी साधारण अर्धा लिटर लघवी शरीराला बाहेर टाकावीच लागते. ती टाकायला पाणी कुठून आणायचं, हे मग किडनी ठरवते आणि त्याची किंमत बाकीच्या शरीराला मोजावी लागते.

असं का होतं? त्यासाठी आधी या व्यवस्थेची ओळख करून घ्यायला हवी.

दोन किडन्या, दोन नळ्या, एक पिशवी

मूत्रसंस्थेत अवयव मोजकेच आहेत. दोन किडन्या म्हणजे मूत्रपिंडं (शाळेच्या पुस्तकात यांनाच वृक्क म्हणतात), त्यातून निघणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, लघवी साठवणारं एक मूत्राशय आणि तिला बाहेर नेणारा मूत्रमार्ग.

किडनी पोटात असते असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर ती पाठीकडच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असते. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की अंगठे जिथं टेकतात, त्याच्या थोडं वर. प्रत्येक किडनीची लांबी १० ते १२ सेंटीमीटर, वजन साधारण दीडशे ग्रॅम, आकार राजम्याच्या दाण्यासारखा. उजव्या बाजूला वर यकृत बसलेलं असल्यामुळे उजवी किडनी डावीपेक्षा किंचित खाली असते.

दोन्ही मिळून वजन शरीराच्या अर्धा टक्काही नाही. पण हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं, त्यातला पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. म्हणजे दर मिनिटाला एक लिटरच्या आसपास. एवढं रक्त किडन्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. ते तिथं साफ व्हायला जातं.

हा कचरा येतो कुठून?

डाळ, दूध, अंडी, मटण यांतून मिळणारी प्रथिनं शरीरात वापरली गेली की त्यांच्या मोडतोडीतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, म्हणून यकृत त्याचं रूपांतर युरियात करतं. युरिया तुलनेनं निरुपद्रवी आणि पाण्यात चटकन विरघळणारा. स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनिन तयार होतं. पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्यांची मोडतोड झाली की युरिक ॲसिड तयार होतं. याशिवाय जेवणातून आलेलं जास्तीचं मीठ, पोटॅशियम, आम्ल आणि औषधांचे उरलेले अंश.

यातलं काहीच घामातून पुरेसं बाहेर पडत नाही. 'घाम गाळला की शरीरातली घाण निघून जाते' हा समज म्हणूनच चुकीचा आहे. घामाचं मुख्य काम शरीर थंड ठेवणं हे आहे. रक्तातला हा कचरा काढायचं काम किडनीचंच.

एका किडनीत दहा लाख गाळण्या

किडनी उभी चिरली तर बाहेरचा भाग फिकट आणि आतला गडद दिसतो. या दोन्ही भागांत मिळून सूक्ष्म नळ्यांचं प्रचंड जाळं असतं. त्यातल्या एकेका घटकाला नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. ते जन्माआधीच तयार झालेले असतात. नंतर नवीन तयार होत नाहीत, वय वाढेल तसे कमी मात्र होत जातात.

नेफ्रॉनच्या सुरुवातीला अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. हा गुंता एका कपासारख्या पिशवीत बसवलेला असतो. इंग्रज डॉक्टर विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये या रचनेचं नीट वर्णन केलं, म्हणून तिला बोमन्स संपुट असं नाव पडलं.

गुंत्यात रक्त दाबानं शिरतं. त्या दाबामुळे पाणी, मीठ, साखर, युरिया असे लहान कण भिंतीतल्या छिद्रांतून गाळले जाऊन कपात उतरतात. रक्तपेशी आणि प्रथिनांचे मोठे रेणू मात्र मागेच राहतात. गाळणीतून चहा खाली येतो आणि पत्ती वर राहते, तसंच.

म्हणूनच लघवीच्या तपासणीत प्रथिन सापडलं की डॉक्टर गंभीर होतात. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा की गाळणीची भोकं मोठी झाली आहेत.

आधी सगळं टाकायचं, मग हवं ते उचलायचं

आता खरी गंमत. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. वीस लिटरचे पाण्याचे जार डोळ्यांसमोर आणले, तर रोजचे नऊ जार! आपल्या रक्तातला द्रव भाग फक्त तीन लिटरच्या आसपास असतो. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो.

एवढं सगळं बाहेर गेलं तर माणूस अर्ध्या तासातच कोलमडेल. पण प्रत्यक्षात लघवी होते एक ते दोन लिटर. उरलेलं ९९ टक्के पाणी परत रक्तात घेतलं जातं.

घर आवरायच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यातून नको ते शोधून बाहेर काढायचं. दुसरी म्हणजे कपाट पूर्ण रिकामं करून सगळं पलंगावर ओतायचं आणि हवं तेवढंच परत आत ठेवायचं. किडनी दुसऱ्या पद्धतीनं काम करते. याचा फायदा मोठा आहे. शरीरात एखादं नवीनच रसायन आलं, समजा एखादं औषध, तरी त्याला ओळखण्याची गरज पडत नाही. परत उचलायच्या यादीत ते नाही ना, मग ते आपोआप बाहेर जातं.

हे उचलण्याचं काम कपाला जोडलेल्या लांब, वळणदार नळीत टप्प्याटप्प्यानं होतं. पहिल्याच वळणात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतलं जातं. साखर आणि अमिनो आम्लं तर जवळपास पूर्ण. निरोगी माणसाच्या लघवीत साखर सापडत नाही ती यामुळेच.

पण साखर उचलणाऱ्या यंत्रणेलाही मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती सगळी उचलता येत नाही आणि लघवीत उतरू लागते. साखर आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून साखर फार वाढलेल्या माणसाला सारखी लघवी होते आणि सारखी तहान लागते. आपल्या भाषेतला शब्दच पाहा. मधुमेह म्हणजे 'मधु' अधिक 'मेह', म्हणजे गोड लघवी. अशा लघवीला मुंग्या लागतात, हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही नोंदवलेलं आहे.

पाणी प्यायलंच नाही तर?

नळीचा मधला भाग हेअरपिनसारखा आहे. वरून किडनीच्या आतल्या भागात खोल उतरतो आणि वळून पुन्हा वर येतो. त्याला हेन्लेचा फास म्हणतात, जर्मन शास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांच्या नावावरून. या फासाचं काम एकच: किडनीचा आतला भाग अतिशय खारट ठेवणं.

त्याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात होतो. तयार होत आलेली लघवी याच खारट भागातून खाली जाते. मीठ लावून ठेवलेल्या काकडीला पाणी सुटतं, तसं लघवीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ शकतं. फक्त त्यासाठी नळीच्या भिंतीतली पाण्याची दारं उघडी हवीत.

ही दारं उघडण्याचा हुकूम मेंदूतून येतो. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडलं जातं. दारं उघडतात, पाणी रक्तात परत जातं, लघवी कमी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर हे संप्रेरक थांबतं, दारं बंद होतात, लघवी जास्त आणि जवळपास रंगहीन होते. दारूमुळे हे संप्रेरक दबतं, म्हणून पिणाऱ्याला सारखं उठावं लागतं आणि सकाळी घसा कोरडा पडतो. रात्री हे संप्रेरक जास्त असतं, म्हणून सात-आठ तास झोप लागते.

आता सुरुवातीचा प्रश्न. माणसाची किडनी लघवी दाट करू शकते, पण एका मर्यादेपर्यंतच. रोज तयार होणारा कचरा त्या कमाल दाट लघवीत विरघळवायचा म्हटलं, तरी अर्धा लिटर पाणी लागतंच. ते प्यायलेल्या पाण्यातून मिळालं नाही, तर रक्तातून आणि पेशींतून घेतलं जातं. डोकं दुखणं, थकवा, चक्कर हा त्याचाच परिणाम. आणि रोज दाट लघवी करत राहिलेल्या माणसाला मुतखडा आणि लघवीचा संसर्ग, दोन्हींचा धोका वाढतो.

लघवी पिवळीच का असते?

जुन्या लाल रक्तपेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं द्रव्य तयार होतं. आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि शेवटी तयार होतं युरोबिलिन. पिवळा रंग याचाच. जिवाणूंचं कोणतं विकर हा बदल घडवतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांना २०२४ मध्ये सापडलं. इतकी रोजची गोष्ट, पण तिचा हा दुवा कळायला एवढा काळ गेला!

रंगावरून घरबसल्या बऱ्याच गोष्टी कळतात:

- फिकट पिवळा: पाणी पुरेसं आहे.
- गडद पिवळा: पाणी प्या.
- भडक पिवळा: बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर काळजी नको.
- लालसर: बीट खाल्लं असेल किंवा क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर असा रंग येतो. तसं काही नसताना लाल किंवा कोलासारखी लघवी दिसली, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जायलाच हवं.
- सतत टिकणारा दाट फेस: प्रथिन जात असण्याची शक्यता. तपासून घ्या.

किडनीची न दिसणारी कामं

लघवी तयार करणं हे किडनीच्या अनेक कामांतलं एक. शरीरात लाल रक्तपेशी किती बनायच्या, याची सूचना किडनी एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकातून हाडांच्या मगजाला देते. उन्हातून आणि अन्नातून मिळालेलं ड जीवनसत्त्व शेवटचा हात फिरवून वापरण्याजोगं करते, त्यामुळे हाडं मजबूत राहतात. रक्तदाब खाली आला की रेनिन सोडून तो वर आणते. रक्तातलं आम्लाचं प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात ठेवते. आणि पोटॅशियम आवाक्यात ठेवते, कारण ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

म्हणून किडनी निकामी झालेल्या माणसाला फक्त लघवीचा त्रास होत नाही. रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, रक्तदाब चढतो, श्वास लागतो.

मुतखड्याची कळ एवढी भयंकर का?

किडनीत तयार झालेली लघवी २५ ते ३० सेंटीमीटर लांबीच्या मूत्रवाहिनीतून खाली येते. ती नुसती उतरत नाही. नळीचे स्नायू मिनिटातून काही वेळा आकुंचन पावतात आणि लघवीचा छोटा घोट पुढे ढकलतात. त्यामुळे आडवं झोपलं तरी काम चालू राहतं.

ही नळी आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यात तीन जागा आणखी अरुंद: किडनीतून निघताना, कमरेच्या हाडापाशी आणि मूत्राशयात शिरताना. लघवी दाट असली की त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटसारखे क्षार खडे धरतात. खडा किडनीत शांत पडून असतो तोवर बऱ्याचदा कळतही नाही. पण तो या अरुंद जागी अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी ताणली जाते आणि स्नायू खड्याला ढकलण्यासाठी जोर लावतात. पाठीतून जांघेकडे येणारी ती कळ माणसाला जमिनीवर लोळवते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर मात्र घरगुती काढा घेत बसू नये. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले की काही तासांत जीव धोक्यात येतो.

एकदा खडा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त औषध म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी. आणि एक गैरसमज: 'खडा कॅल्शियमचा, मग दूध बंद.' उलट जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते बंद केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं.

मूत्राशय भरलं हे कळतं कसं?

मूत्राशय ही स्नायूंची लवचीक पिशवी आहे. मोठ्या माणसात तिच्यात ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशे मिलिलिटर झाली की भिंतीतल्या संवेदना मेंदूला पहिला निरोप पाठवतात. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन कुलपं असतात. आतलं आपोआप चालतं, बाहेरचं आपल्या ताब्यात असतं. तान्ह्या बाळाचा या बाहेरच्या कुलपावर ताबा नसतो. तो साधारण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान येतो.

जागा मिळाली आणि मेंदूनं परवानगी दिली की मूत्राशयाचा स्नायू आवळतो आणि दोन्ही कुलपं उघडतात. किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी प्राण्यांचे व्हिडिओ पाहून हे मोजलं. तीन किलोपेक्षा जास्त वजनाचे सस्तन प्राणी, मग ते शेळी असो की हत्ती, सरासरी २१ सेकंदांच्या आसपास मूत्राशय रिकामं करतात. २०१५ मध्ये या संशोधनाला इग नोबेल हा गमतीदार पुरस्कारही मिळाला.

लघवी दाबून ठेवली तर काय होतं? खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांचं नाव या बाबतीत हमखास निघतं. ऑक्टोबर १६०१ मध्ये प्रागमधल्या एका मेजवानीत शिष्टाचार म्हणून ते उठले नाहीत. घरी आल्यावर लघवी होईना आणि अकरा दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. पुढे विषबाधेचा संशय घेतला गेला. २०१० मध्ये त्यांचे अवशेष बाहेर काढून तपासले, तेव्हा पाऱ्यामुळे मृत्यू झाल्याचं दिसलं नाही.

निरोगी माणसानं कधीतरी तासभर दाबून धरलं तर मूत्राशय फुटत नाही. पण रोजच्या रोज, वर्षानुवर्षं तसं केलं तर स्नायू ताणून सैल पडतो, पूर्ण रिकामं होईनासं होतं आणि साचून राहिलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग दाबते, तेव्हाही हेच होतं. धार बारीक होणं, रात्री तीन-चारदा उठावं लागणं, याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

बायकांना 'उन्हाळी' जास्त का लागते?

पुरुषांचा मूत्रमार्ग १८ ते २० सेंटीमीटर लांब, तर स्त्रियांचा फक्त चारच्या आसपास. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ. तिथले ई. कोलाय जातीचे जिवाणू एवढं अंतर सहज पार करतात. आग होणं, सारखी घाई होणं, ओटीपोट दुखणं ही त्याची लक्षणं. खेड्यात यालाच उन्हाळी लागणं म्हणतात. दर वेळी कारण ऊन किंवा उष्ण पदार्थ नसतं. बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला नीट औषध लागतं. दोन गोळ्यांत बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक अर्धवट सोडणं तर फारच धोक्याचं. पाठदुखी आणि ताप सुरू झाला की संसर्ग किडनीपर्यंत चढला असं समजावं.

लघवी वरून खाली वाहते तेव्हा मार्ग धुऊन निघतो. शरीराचं हे साधं संरक्षण आहे. पाणी न पिणारी आणि दाबून धरणारी बाई हे संरक्षण रोज गमावते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावानं स्त्रियांसाठी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांची मागणी करणारी चळवळ उभी राहिली. तिच्याकडे अनेकांनी हसून पाहिलं. पण ही मागणी थेट आरोग्याची आहे.

किडनी तक्रार करत नाही

एका किडनीवर माणूस चांगलं आयुष्य जगू शकतो. म्हणजे निसर्गानं गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता दिली आहे. अडचणही इथंच आहे. थोडे नेफ्रॉन गेले की उरलेले जास्त काम करतात आणि माणसाला काही जाणवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत बऱ्याचदा निम्मी क्षमता गेलेली असते. पायावर सूज, भूक न लागणं, मळमळ, अंगाला खाज ही लक्षणं दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

किडनी खराब होण्याची सर्वांत मोठी दोन कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही आहेत. दोन्ही त्या नाजूक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर हळूहळू घाव घालतात. म्हणून हे आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन चाचण्या करून घ्याव्यात. एक, रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. दुसरी, लघवीतलं अल्ब्युमिन. हा वेग सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार म्हणतात.

तिसरं कारण आपल्या हातात असतं: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. धडधाकट माणसानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही. पण महिनोन्महिने कंबरदुखीसाठी, त्यातही उन्हात पाणी न पिता काम करताना घेतली, तर किडनीवर दुहेरी मार बसतो.

डायक्लोफेनॅकचा किडनीवर काय परिणाम होऊ शकतो याचं भयंकर उदाहरण भारतानं पाहिलं आहे. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाणाऱ्या गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि देशातली बहुसंख्य गिधाडं संपली. अखेर २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. गिधाडांइतका माणूस या औषधाला नाजूक नाही, पण सावध राहायला एवढं पुरेसं आहे.

मशीन किडनीची जागा घेऊ शकतं का?

नेदरलँड्समधले डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्यातल्या कांपेन गावी १९४३ मध्ये कृत्रिम किडनी तयार केली. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून त्यांनी त्यातून रक्त खेळवलं. पहिले पंधराहून अधिक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली. आजचं डायलिसिस त्यातूनच उभं राहिलं.

पण हिशोब पाहा. किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, म्हणजे एकूण १२ तास. मधल्या काळात पाणी मोजून प्यायचं, मीठ आणि फळंसुद्धा जपून खायची. रुग्णाची रोजी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. ज्यांच्या घरी ही वेळ आली असेल, त्यांनी रुग्णालयात याची चौकशी जरूर करावी.

दुसरा मार्ग प्रत्यारोपणाचा. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवण्यात आली. रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला आणि शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. भारतात १९९४ च्या कायद्यानं अवयवांची विक्री गुन्हा ठरवली. मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबानं होकार दिला तर तिच्या दोन किडन्या दोन माणसांना डायलिसिसच्या खुर्चीवरून उठवू शकतात.

मग रोज काय करायचं?

पाण्याचा सगळ्यांना लागू होईल असा एकच आकडा नाही. ऊन, काम आणि आजार यांवर ते अवलंबून असतं. तहान आणि लघवीचा फिकट रंग या दोन खुणा पुरेशा आहेत. उगाच तासाभरात तीन-चार लिटर पिणंही घातक, कारण तेवढं किडनीला काढता येत नाही आणि रक्तातलं सोडियम खाली जातं. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मीठ कमी, तंबाखू बंद, साखर आणि रक्तदाब ताब्यात, वेदनाशामक विचारून. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'किडनी साफ करणारे' काढे आणि चूर्णं यांची निरोगी किडनीला गरज नसते. ती स्वतःच शरीराची सफाई करणारी आहे. अशा काही चूर्णांतल्या जड धातूंमुळे उलट किडनीच गेल्याची उदाहरणं डॉक्टरांना माहीत आहेत.

आणि राहिला त्या एसटीतल्या वाहक बाईंचा प्रश्न. तिला 'पाणी पीत जा' हा सल्ला देणं सोपं आहे. तो तिला माहीत नाही असं नाही. तिच्या किडन्या रोज १८० लिटर गाळण्याचं काम चोख करत आहेत. तिला गरज आहे ती स्थानकावर पाणी असलेल्या, दाराला कडी असलेल्या एका स्वच्छतागृहाची आणि गाडी तेवढी पाच मिनिटं थांबण्याची. ते काम किडनीचं नाही, आपलं आहे.